भागिले चोवीस: लांब पल्ल्याच्या रॅलीची छोटी गाडी घरच्या घरी

छोट्या पल्ल्याची शर्यतीची गाडी जमिनीला चिकटून धावते आणि अंगावर नको ते काहीच बाळगत नाही. लांब पल्ल्याच्या रॅलीची गाडी मात्र सगळा संसार पाठीवर घेऊन निघते: पुढे पाइपचा गार्ड, चार जादा दिवे, दोन स्टेपन्या, पेट्रोलचे कॅन, फावडं, दोर. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमध्ये २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. दिल्लीवरून मुंबईला आल्या, मुंबईहून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि सिडनीपर्यंत ५६ पोहोचल्या. पहिली आली हिलमन हंटर, म्हणजे चार दारांची साधी घरगुती गाडी. त्या रॅलीत वेगाइतकंच टिकण्याला मोल होतं, आणि मॉडेलवर दिसायला हवं ते हेच टिकणं.

म्हणून कुठलीही वस्तू चिकटवण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. खऱ्या गाडीवर तिचं काम काय, आणि तिचं खरं माप भागिले चोवीस किती येतं. पहिल्या मॉडेलात फसगत होते ती बहुतेक वेळा जाडीत. दोन मिलिमीटर जाडीचा मडफ्लॅप बोटाला पातळ लागतो, पण १/२४ मापात तो जवळपास पाच सेंटिमीटर जाड होतो. तेवढा जाड मडफ्लॅप ट्रकलाही नसतो.

आधी रॅली ठरवा, मग गाडी

धुळीचा रंग, टायर, दिवे, सामान हे सगळं रॅलीवर अवलंबून असतं. केनियातली सफारी रॅली बरीच वर्षं ईस्टरच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर होत असे. त्यामुळे तिथे लाल चिखल आणि लाल धूळ दोन्ही, शिवाय जनावरं आडवी येतात म्हणून पुढे गार्ड. वाळवंटातल्या डकार रॅलीला फिकट वाळू, वाळूत रुतलं तर चाकाखाली घालायच्या पट्ट्या आणि भरपूर इंधन. हिमालयातल्या रॅलीत राखाडी दगडी धूळ आणि बर्फाचं पाणी. तिन्हींचं सामान एकाच गाडीवर चढवलं की गाडी कुठलीच राहत नाही.

हाताशी पैसे असतील आणि पार्सल घरपोच येत असेल तर प्लास्टिकचा किट घ्यावा. सफारी १९७१ मध्ये जिंकणारी डॅटसन २४०झेड हासेगावा या किट बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या १/२४ किटमध्ये मिळते, १९८६ च्या पॅरिस–डकारची पोर्शे ९५९ तामिया या दुसऱ्या जपानी कंपनीच्या. किटमध्ये मापं आणि स्टिकर तयार असतात, चुकायला जागा कमी. पण पहिल्याच कामाला महागडा किट फोडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. खेळण्याच्या दुकानातली किंवा यात्रेतली, मागे ओढून सोडायची प्लास्टिकची जिप्सी किंवा जीप घ्या. एकसारख्या दोन घ्या. दुसरीची चाकं स्टेपनीला लागतात आणि उरलेली बॉडी रंगाच्या चाचणीला.

जिप्सीच घ्या असं सांगण्याचं कारण साधं आहे. राजस्थानच्या वाळवंटात आणि हिमालयात ती वर्षानुवर्षं रॅलीत धावली. शिवाय विदर्भात ती डोळ्यासमोर बघायला मिळते. ताडोबा, पेंच किंवा मेळघाटच्या गेटवर सकाळच्या फेरीनंतर जिप्सी रांगेत उभ्या असतात. चालकाला विचारून टेप लावा, फोटो काढा. जंगल सफारीच्या जिप्सीचं छप्पर काढून मागे बाकडी टाकलेली असतात, ती बाजू सोडून द्या. बोनेट, चाकाच्या कमानी, बिजागऱ्या, खालच्या पाटा स्प्रिंगा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धूळ कुठे बसली आहे, याचे फोटो घ्या. एकेका बाजूचा सरळ समोरून, मग दाराच्या खालच्या पट्टीचा आणि मागच्या दाराचा अगदी जवळून.

माप काढणं

खेळण्यावर १:२४ छापलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २३७५ मिमी आहे. खेळण्यावर तेच अंतर मोजा आणि भागा. ९९ मिमी आलं तर १/२४. ८८ आलं तर १/२७, आणि मग पुढची सगळी मापं २७ ने भागायची. लांबीवरून प्रमाण काढू नका. खेळणी बनवणारे बंपर आणि स्टेपनी हवी तशी ताणतात, त्यामुळे लांबी फसवते.

१/२४ साठी वारंवार लागणारी मापं अशी, आधी खरं आणि मग मॉडेलचं, सगळी मिलिमीटरमध्ये:

गार्ड आणि रोल केजचा (गाडी उलटली तर माणसांना वाचवणाऱ्या आतल्या सांगाड्याचा) पाइप: ३८ ते ५०, १.६ ते २.१
जादा दिव्याचा व्यास: १८०, ७.५
२० लिटरचा लोखंडी कॅन: ४७० × ३४५ × १६५, १९.५ × १४.५ × ७
जिप्सीचं चाक टायरसह (२०५/७० आर १५): ६६८, २८
सीट बेल्टची पट्टी: ७५, ३
मडफ्लॅपची आणि काचेची जाडी: ५, ०.२
दारावरची चौकोनी नंबर पाटी: ५००, २१
गाडीची नंबर प्लेट: ५०० × १२०, २१ × ५

हा कागद कामाच्या जागी भिंतीला चिकटवा.

सामान कुठे मिळेल

तालुक्याच्या बाजारात बहुतेक सगळं मिळतं, फक्त वेगळ्या दुकानांत. पंप आणि पंख्याच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार घ्या: १६ गेज (१.६ मिमी) रोल केज आणि गार्डला, १८ गेज (१.२ मिमी) कॅरिअरला, आणि पंख्यात जाते ती ३४ गेजची बारीक तार दिव्यांच्या वायरीला. तुकडे वजनावर मिळतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बारीक चिमटा, सोल्डर आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) द्रव मिळतो. गाड्यांचा रंग विकणाऱ्याकडून प्लास्टिक प्रायमर, एनसी (नायट्रोसेल्युलोज, म्हणजे थिनरवर वाळणारी) पुट्टी, स्प्रेचे डबे, मास्किंग टेप आणि पाण्याचा पॉलिश पेपर ४००, ६००, १००० व १५०० नंबरचा. कटलरीच्या दुकानात ३ मिमी साटीन रिबीन, सीट बेल्टसाठी. सायकलच्या दुकानातून दोन स्पोक. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली, तिचं काम पुढे येईल. घरात जुना एक्स-रे असतोच. ती फिल्म साधारण ०.२ मिमी जाडीची असते आणि मडफ्लॅप, पाट्या, बिजागऱ्या सगळ्याला कामी येते.

चिकटवायला तीन गोष्टी पुरतात: फेविक्विक, अरल्डाइट आणि साधा फेविकॉल. काचेला फेविकॉलच लावा. फेविक्विकची वाफ काचेवर बसून पांढरा धुरकट डाग पडतो आणि तो निघत नाही.

खेळणं उघडणं

खालचे दोन ते चार स्क्रू काढा. मागच्या आसावर ओढून सोडायची मोटर असते, ती काढून टाका. स्टेपन्या ठेवायची जागा तिनेच अडवलेली असते. तिच्याऐवजी सायकलचा स्पोक आस म्हणून घाला. साधा स्पोक २ मिमीचा असतो. चाकाचं भोक सैल असेल तर स्पोकवर कागदी टेपचा एक वेढा द्या.

मग एक चाचणी, जी बहुतेकजण टाळतात. बॉडीच्या आतल्या बाजूचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. बुडाला तर ते एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, म्हणजे कामाचं. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. त्याला ना गोंद धरत ना रंग. कारच्या बंपरला मारतात तो प्लास्टिक प्रायमर लावून त्यावर काम होतं, पण नखाने रंग उचकटत राहतो. शक्यतो दुसरं खेळणं बघा.

सगळे भाग भांड्याच्या साबणाने आणि जुन्या ब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल अंगावर असतं आणि त्यावर रंगाचे डोळे पडतात. साच्याच्या जोडाची रेघ छपरावर आणि कमानींवर दिसते, ती ४०० ने घासून घालवा. खड्डे एनसी पुट्टीने भरा, पण एका वेळी अर्धा मिलिमीटरच. जाड थराखाली थिनर अडकून प्लास्टिक मऊ पडतं, आणि दोन दिवसांनी पुट्टी आक्रसून खड्डा पुन्हा दिसतो. खोल भोक असेल तर एम-सील बरं. मे महिन्यात ते लवकर आवळतं, म्हणून वाटाण्याएवढंच मळा.

उंची आणि चाकं

रॅलीसाठी गाडी उंच करतात ती खऱ्या मापात साधारण २५ ते ४० मिमी. मॉडेलवर ते १ ते दीड मिलिमीटर होतं. नवखा हात ५ मिमी उचलतो आणि गाडी मेळ्यातल्या राक्षसी ट्रकसारखी दिसू लागते. चेसिसमधलं आसाचं भोक दीड मिमी खाली नव्याने पाडा, जुनं एम-सीलने बुजवा. चारही भोकं पाडून झाली की गाडी काचेवर ठेवा. एक चाक अधांतरी राहिलं तर आत्ताच दुरुस्त करा, रंगानंतर ते शक्य नाही.

खेळण्याचे टायर चकचकीत असतात. त्यांच्या धावेवर २४० चा पेपर फिरवून चमक मारा, मग बारीक कानशीने आडव्या खाचा पाडा, दोन मिलिमीटरच्या अंतराने. चाक २८ मिमीपेक्षा फारच लहान असेल तर वेगळं शोधा. लहान चाकावर बाकी कितीही चांगलं काम केलं तरी गाडी खेळण्यासारखीच दिसते.

आतला भाग

मागची सीट काढून टाकायची. तिथे एक स्टेपनी आडवी पट्ट्याने बांधलेली, दुसरी मागच्या दारावर. पुढे खोल बसकीच्या दोन सीटा. खेळण्यातल्या सीटांच्या कडांना एम-सीलची बारीक वळी लावून बाजू उंच केल्या तरी पुरे. सहचालकाच्या पुढ्यात डॅशबोर्डवर अंतर मोजायच्या यंत्राचा छोटा डबा आणि नकाशा वाचायचा वाकता दिवा. जुन्या काळची गाडी असेल तर ते यंत्र म्हणजे हाल्डा कंपनीचं यांत्रिक ट्रिपमास्टर, काळा डबा आणि आकड्यांच्या खिडक्या. अग्निशामक नळकांडं साडेचार मिमी व्यासाचं, लाल.

रोल केजला वेळ द्या. १६ गेजची तार आधी सरळ करावी लागते. एक टोक शिकंज्यात, दुसरं पकडीत धरून हळूच ताणा. तार किंचित लांबते आणि आरशासारखी सरळ होते. वरचं वार्निश पॉलिश पेपरने काढा, नाहीतर सोल्डर धरत नाही. मुख्य कमान पुढच्या सीटांच्या लगेच मागे येते. पुठ्ठ्यावर आतल्या रुंदीपेक्षा २ मिमी कमी रुंदीची कमान काढा आणि तार खिळ्याभोवती त्यानुसार वाकवा. काटकोनात मोडू नका, खऱ्या पाइपला वळण असतं. मग समोरच्या काचेच्या खांबालगत दोन पाय, वर आडवी दांडी, कमानीवरून मागच्या चाकांच्या घरापर्यंत दोन तिरके आधार आणि कमानीत एक कर्ण.

घात होतो तो उंचीत. खेळण्याचं छप्पर दीड-दोन मिमी जाड असतं, त्यामुळे बाहेरून मोजलेली उंची आत मिळत नाही. प्रत्येक सांध्यानंतर बॉडी बसवून बघा. केज पूर्ण झाल्यावर बॉडी बसेना, तर केज कापण्यावाचून इलाज राहत नाही. सोल्डर नसेल तर अरल्डाइटनेही सांधे धरतात, पण रात्रभर हलवू नका. केज गाडीबाहेर रंगवा आणि आत बसवून मगच सीट बेल्टची रिबीन ओवा.

बाहेरचं सामान

पुढचा गार्ड १६ गेजच्याच तारेचा. तो बंपरला नव्हे तर चेसिसच्या दांड्यांना जोडलेला असतो, तेव्हा मॉडेलवरही दोन पाय बंपरखालून आत गेलेले दिसू द्या.

दिव्यांसाठी गोळ्यांचं रिकामं पाकीट बघा. सात-आठ मिमीची गोल गोळी ज्यात असते, त्याचा पारदर्शक फुगवटा म्हणजे तयार काच. पाठीला त्याच पाकिटाची चंदेरी पन्नी. मागचं भांडं एम-सीलची गोळी चपटी करून. दिवे गार्डच्या वरच्या दांडीवर चार, आणि प्रत्येकाच्या मागून ३४ गेजची तार निघून बोनेटखाली शिरलेली. या चार तारांनी दिवे खरे वाटतात, त्या विसरू नका. दिवसा दिव्यांवर झाकणं चढवलेली असतात. फुगवटे नीट कापले गेले नाहीत तर सरळ काळी-पिवळी झाकणं करा, कुणी चूक म्हणणार नाही.

छपरावर कॅरिअर आणि त्यावर चार कॅन, एवढं बहुतेकजण हौसेने लादतात. खऱ्या चालकाला वजन खाली आणि मध्ये हवं असतं. वर जड झालेली गाडी वळणावर कलंडते. छपरावर ठेवाच तर हलकं: वाळूच्या पट्ट्या, फावडं. कॅन आत, केजच्या मागे, पट्ट्याने आवळलेले. कॅन सनबोर्डचे तुकडे कापून होतात, वर तीन दांड्यांची मूठ तारेची.

मडफ्लॅप एक्स-रे फिल्मचे, चारही चाकांमागे, जमिनीपासून ३ मिमी वर. त्यांना काळा मॅट रंग द्या, फिल्मची चमक दिसता कामा नये. अँटेना म्हणजे टूथब्रशचा एक केस, तारेची अँटेना कधीच पुरेशी बारीक होत नाही.

रंग आणि विदर्भाची हवा

रंग बिघडतो तो बहुतेक वेळा हवेमुळे. दसरा ते शिमगा हा काळ उत्तम. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की स्प्रेचा थेंब हवेतच वाळतो आणि गाडीवर ओला रंग न बसता कोरडी खरबरीत पूड बसते. त्या दिवसांत काम करायचंच तर सकाळी सहा ते आठ, सावलीत. आणि कूलर चालू असलेल्या खोलीत कधीच नाही. कूलर ओली हवा फेकतो, सोबत टाकीतल्या पाण्याचे बारीक तुषार आणि वाळ्याचा भुगाही. पावसाळ्यात उलटी अडचण: थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं आणि पांढुरकी साय येते. ती घासू नका. कोरड्या दिवशी पातळ क्लिअरचा (पारदर्शक लॅकरचा) एक हलका हात मारला की बहुतेक वेळा निघून जाते. पौषातल्या गार सकाळी डब्याचा दाब कमी पडून मोठे थेंब उडतात. डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर, चुलीजवळ किंवा उन्हात तापवायचा विचारही करू नका. डबा फुटतो. टिनाच्या छपराखालच्या फळीवर उन्हाळ्यात हे डबे ठेवू नयेत, त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते.

क्रम असा. आधी प्रायमरचे दोन पातळ हात. वाळल्यावर १००० चा पेपर पाण्यात बुडवून हलका फिरवा. मग पांढरा किंवा फिकट पिवळा, २० ते २५ सेंमी अंतरावरून, चार ते पाच पातळ हात, दोन हातांत दहा ते पंधरा मिनिटं. हात गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. गाडीवर बटन दाबलं की तिथे ओघळ येतो. पहिल्या हाताला खालचं दिसतंच, त्यावर जोर काढायचा नाही. पहिले हात जाड पडले तर स्प्रेमधलं एनसीचं थिनर प्लास्टिक खातं आणि बारीक भेगांचं जाळं उमटतं. दुसऱ्या खेळण्याची बॉडी त्यासाठीच ठेवली आहे, आधी तिच्यावर मारून बघा.

हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंट मिळतो, तोही चालतो, पण एक नियम पाळा: एनसीवर ऑइल पेंट बसतो, ऑइल पेंटवर एनसी मारलं की खालचा थर सुरकुततो. ऑइल पेंटला वाळायला दोन-तीन दिवस द्या.

जुन्या काळच्या अनेक रॅली गाड्यांच्या बोनेटचा वरचा भाग मॅट काळा असे, उन्हाची तिरीप चालकाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मॉडेलवर हा काळा पट्टा फार शोभतो. मास्किंग टेपच्या कडेला धूळ चिकटलेली असते, म्हणून टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने दोन मिमी कड कापा आणि मग वापरा. रंग हाताला लागेनासा झाला की टेप मागे दुमडून काढा, पूर्ण कडक होऊ देऊ नका.

नंबर आणि नावं

बाजाराच्या गावच्या झेरॉक्स सेंटरवर छपाई होते. डेकलचा (पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ स्टिकरचा) कागद ऑनलाइन मागवावा लागतो. लेझर प्रिंटरचा कागद आणि इंकजेटचा कागद वेगळा असतो, आधी प्रिंटर कोणता ते विचारा. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, म्हणून छापल्यावर क्लिअर लॅकरचे दोन हात आणि पूर्ण दिवस वाळवण. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. दारावरची २१ मिमीची पाटी आधी गाडीवर पांढरी रंगवा आणि वर फक्त आकडे चिकटवा. पुढच्या चाकाच्या वर चालक-सहचालकाचं नाव आणि रक्तगट, अक्षरं ३ मिमीपर्यंत. ही गाडी रॅलीच्या टप्प्यांदरम्यान सार्वजनिक रस्त्यावरून जाते, त्यामुळे नेहमीची नंबर प्लेटही हवी. यवतमाळची एमएच २९, चंद्रपूरची एमएच ३४, जे आपलं असेल ते.

डेकल चमकदार थरावरच लावा. मॅटवर लावलं तर खाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. तुकडा पंधरा-वीस सेकंद पाण्यात बुडवा, बाहेर काढून मिनिटभर थांबा, मग कागदावरून गाडीवर सरकवा आणि कापसाने मधून बाहेर पाणी टिपा. इथे ते डिस्टिल्ड वॉटर वापरायचं. बोअरचं पाणी वाळलं की डेकलभोवती क्षारांची पांढरी कड राहते, आणि गडद रंगावर ती फार उठून दिसते. वळणावर डेकल बसत नसेल तर ब्रशने थोडं व्हिनेगर लावा.

धूळ

बाजारातले तयार पिग्मेंट नकोत, किराणा दुकानातला गेरू आणि पिवडी (पिवळी माती) त्याच दर्जाची बारीक असते. त्यात खडूची पूड आणि चुलीची राख, दोन्ही मलमलीतून चाळलेली. सफारीसाठी दोन भाग गेरू, एक पिवडी, दोन खडू. डकारसाठी एक पिवडी, तीन खडू, चिमूटभर गेरू. हिमालयासाठी तीन राख, एक खडू आणि नावाला पिवडी. मिश्रण खऱ्या मातीपेक्षा फिकटच ठेवा, छोट्या वस्तूवर गडद धूळ घाणीसारखी दिसते. आपल्या शेतातली काळी माती डकारच्या गाडीवर लावू नका, तो मोह होतोच.

धूळ कुठे बसते हे पांदण रस्त्यावरून आलेल्या एसटीला मागून बघून कळतं. गाडीमागे हवेची पोकळी होते आणि उडालेली धूळ तिच्यात ओढली जाते, म्हणून मागचं दार आणि मागची काच सर्वांत मळतात. त्याखालोखाल चाकांच्या मागचा भाग आणि दाराखालची पट्टी. छपरावर पातळ थर. बोनेटवर त्याहून कमी, पण पुढच्या खालच्या कडेवर दगडांचे टवके. समोरच्या काचेवर वायपरचा अर्धगोल स्वच्छ राहतो: कागदाचा १६ मिमी त्रिज्येचा तुकडा कापून काचेवर धरा आणि भोवती धूळ मारा. थांबा आला की चालक दिवे, काच आणि नंबर पुसतात, म्हणून तिथे धूळ नको, फक्त कडांना.

आधी मॅट क्लिअरचा एक हात द्या, नाहीतर पूड घसरते. मग कोरड्या मऊ ब्रशने, थोडी थोडी, नेहमी वरून खाली. सांध्यांत आयपीएचा एक थेंब सोडला की पूड तिथे ओढली जाऊन बसते. वरून पुन्हा क्लिअर मारला तर निम्मी धूळ गायब होते, हे लक्षात ठेवून आधीच जास्त लावा, किंवा गाडी हाताळायची नसेल तर क्लिअर मारूच नका.

चिखलासाठी मुरमाची माती जुन्या तव्यावर दहा मिनिटं भाजा, नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. मलमलीतून चाळा, एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी यांत घट्टसर कालवा आणि टूथब्रशवरून अंगठ्याने उडवा. चाकांच्या घरात थेट ब्रशने. थर जाड झाला तर वाळताना भेगा पडून ढेपा सुटतात. काळ्या मातीने हे हमखास होतं, ती ओली फुगते आणि वाळली की आकसते. टवक्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, करड्या-तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करून, पुढच्या कडेवर दोन-तीनदा टेकवा. हात थांबवायला इथेच शिकावं लागतं.

चाळताना आणि स्प्रे मारताना तोंडाला मास्क, खिडकी उघडी, चूल आणि उदबत्ती दूर.

ठेवायची कशी

खाली सुताराकडच्या सागाच्या उरलेल्या फळीचा २२ × १२ सेंमीचा तुकडा पुरतो. तान्ह्या पोळ्याच्या आधी सुताराकडे नंदीचं काम असतं, तेव्हा त्याला घाई करू नका. चाकं फळीला अरल्डाइटच्या एका थेंबाने धरा, गाडी उचलताना लोक नेहमी केज किंवा अँटेनाला धरतात. वर काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी. खिडकीच्या उन्हात नको, डेकल पिवळी पडतात. बंद कारच्या डॅशबोर्डवर तर उन्हाळ्यात मुळीच नको, पातळ बॉडी वाकते. पेटी नसेल तर घरची धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं लावलं की गेरूही त्यासोबत निघून येतो.